मराठीतून स्पॅनिश: बालवाडीच्या बाईंसाठी वर्षभराची वाट

मी "बोका" म्हटलं आणि मोठ्या गटातली सगळी डोकी एकदम दाराकडे वळली. आमच्या बालवाडीच्या मागच्या भिंतीवर रोज एक बोका येऊन बसतो, तोच आत आला असं मुलांना वाटलं. मी मात्र स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून उभी होते, कारण स्पॅनिशमध्ये बोका म्हणजे तोंड. त्याच आठवड्यात "मानो" म्हटल्यावर निम्म्या मुलांनी मानेला हात लावला. मानो म्हणजे हात. आणि मांजराला स्पॅनिशमध्ये "गातो" म्हणतात हे कळल्यावर एक मुलगी मला म्हणाली, "बाई, मग ते गाणं कधी म्हणणार?"

त्याआधीचं एक वर्ष माझं वाया गेलं होतं. मी स्वतः स्पॅनिश शिकले ते इंग्रजीतून, एका ऑनलाइन वर्गात, आणि तसंच मुलांपुढे ठेवलं. एका बाजूला चित्र, खाली इंग्रजी शब्द, त्याखाली स्पॅनिश. सांगलीतल्या चार वर्षांच्या मुलाला इंग्रजी शब्दही नवा आणि स्पॅनिशही नवा. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांची ओळख करून द्यावी तसा तो प्रकार होता. मुलं "टोमाटे" म्हणायची, कारण मीच "टोमाटे" म्हणत होते. खरा उच्चार "तोमाते" आहे, आणि तो मराठी तोंडाला जन्मापासून येतो.

बोक्याच्या त्या सकाळपासून मी वाट बदलली. मुलांचे कान मराठीने तयार झालेले आहेत आणि नवीन शब्द ते मराठीतच पकडतात, तर मग मराठीलाच हाताशी धरायचं. तेव्हापासून जे जमत गेलं ते इथे महिन्यांच्या क्रमाने सांगते. आपल्या भागातल्या कुठल्याही बालवाडीत हे करता येईल. खर्च जवळजवळ नाही, पण बाईंची तयारी लागते.

आधी पालकांशी खरं बोला

पहिली सभा घ्या आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, मूल वर्षाअखेरीस स्पॅनिश बोलायला लागणार नाही. साठ-सत्तर शब्द कळतील, दहा-बारा छोटी वाक्यं तोंडात बसतील. दोन, पुढे सराव राहिला नाही तर यातलं बरंच विसरेल. कान मोकळा होणं आणि परक्या भाषेची भीती न वाटणं, एवढंच मी कबूल करते. तीन, मराठीचा एक मिनिटही यासाठी कापला जाणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वय वर्षं ३ ते ८ हा पायाभूत स्तर मानला आहे आणि घरच्या भाषेवर भर आहे. स्पॅनिशसह परदेशी भाषांचा पर्याय त्यात माध्यमिक स्तरावर सांगितला आहे. म्हणजे बालवाडीत स्पॅनिश शिकवा असं कुणी सांगितलेलं नाही. म्हणूनच ते खेळाच्या जागी राहिलं पाहिजे, अभ्यासाच्या नाही. यासाठी वेगळी फी घेऊ नका. फी घेतली की पालक हिशोब मागणार, आणि चार वर्षांच्या मुलाकडून हिशोब मागणं वाईट.

"मूल गोंधळेल का?" हे प्रत्येक सभेत विचारलं जातं. आपल्या जिल्ह्यात जतकडच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात, मिरजेत दखनी बोलणारी घरं आहेत. ती मुलं बालवाडीत मराठी बोलतात, घरी जाऊन आजीशी तिच्या भाषेत बोलतात. दोन भाषा वागवणं इथे नवीन नाही, हे पालकांना त्यांच्याच गल्लीतली उदाहरणं देऊन सांगा.

आधी बाईंची जीभ

मुलं तुमच्या तोंडाकडे बघून शिकणार, त्यामुळे एप्रिल-मेची सुट्टी स्वतःसाठी ठेवा. परीक्षा द्यायची इच्छा असेल तर स्पेन सरकारच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे आणि त्यांची डेले नावाची प्रमाणपत्रं पहिल्या पायरीपासून आहेत. पण बालवाडीसाठी प्रमाणपत्रापेक्षा रोज अर्धा तास कानावर स्पॅनिश पडणं जास्त उपयोगी. मेक्सिको, कोलंबिया, स्पेन इथले मुलांचे कार्यक्रम फोनवर फुकट ऐकायला मिळतात. स्वयंपाक करताना लावून ठेवा.

कुठल्या देशाचा उच्चार धरायचा? मी लॅटिन अमेरिकेचा धरते. स्पॅनिश बोलणारी बहुतेक माणसं तिकडे आहेत, एकट्या मेक्सिकोत स्पेनच्या दुपटीहून जास्त. शिवाय स्पेनमध्ये "ग्रासियास" (धन्यवाद) या शब्दातला पहिला स बऱ्याच भागात जीभ दातांत धरून म्हणतात, तो आपल्या मुलांना अवघड जातो. लॅटिन अमेरिकेत तो सरळ आपला स.

आता उच्चार. मराठी माणसाला स्पॅनिश ज्या सहजतेने येते ती इंग्रजीतून गेलं की हरवते, म्हणून इथे जरा थांबते.

स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. प्रत्येक वेळी तसेच, लिहिल्याप्रमाणे. आपला "अ" तिथे नाही. "कासा" म्हणजे घर, त्याचं "कस" होऊ देऊ नका. शब्दाच्या शेवटी येणारा अ आपण मराठीत गिळतो, तसा तिथे शेवटचा स्वर गिळायचा नाही.

त आणि द हे आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. ट आणि ड स्पॅनिशमध्ये नाहीतच. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या बाईंना हे जाणीवपूर्वक मोडावं लागतं. प, त, क हे आपल्यासारखेच कोरडे, त्यांत फ, थ, ख चा श्वास मिसळत नाही.

च कुठला? मराठीत दोन च आहेत. चमच्यातला वेगळा, चिमणीतला वेगळा. स्पॅनिशचा च चिमणीतला. दुधाला "लेचे" म्हणतात, ते चिमणीच्या च ने म्हणा.

ब आणि व यांत ते फरक करत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीला ब सारखा, दोन स्वरांच्या मधे आपल्या व च्या जवळचा. म्हणून गाय ती "बाका", आणि द्राक्षं ती "ऊवास". मी या लेखात तसंच लिहिलं आहे.

"रोहो" म्हणजे लाल, त्यातला ह स्पेनमध्ये घशातून खरखरीत येतो, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी साधा ह. डोळ्याला "ओहो" म्हणतात. हा शब्द मुलं पहिल्याच दिवशी शिकतात आणि कधीच विसरत नाहीत.

राहिला लांब र. "पेर्रो" म्हणजे कुत्रा, त्यात र घुमला पाहिजे. यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: "भुर्रर्र". बाहेर भुर्र जायचं म्हणताना आपण तोच र काढतो. आधी तीनदा भुर्रर्र, मग पेर्रो. सरावाने जमतं.

जून: काहीही नको

शाळा सुरू होते तेव्हा छोट्या गटातली मुलं आईसाठी रडत असतात. त्या दिवसांत त्यांना मराठीची कूस लागते. बाईंचा आवाज, मावशींची कडेवर घेण्याची पद्धत, स्वतःची चप्पल ठेवायची जागा, हे ओळखीचं होऊ दे. या महिन्यात मी स्पॅनिशचा एक शब्दही काढत नाही. घाई करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की रडणाऱ्या मुलाच्या कानात कुठलीच भाषा शिरत नाही.

या काळात बाहुली शिवून ठेवा. जुन्या मोज्याची, हातात घालता येईल अशी. माझी मांजर आहे, काळी, तिचं नाव लुना. स्पॅनिशमध्ये लुना म्हणजे चंद्र.

जुलै: लुना येते

बाहुलीचा एकच नियम, पण तो कडक: लुनाला मराठी येत नाही. मुलाला परकी भाषा बोलण्यासाठी कारण लागतं. बाईंना मराठी येतं हे त्याला पक्कं माहीत आहे, मग बाईंशी तो स्पॅनिश का बोलेल? लुनाशी बोलायचं तर दुसरा मार्गच नाही.

पहिला आठवडा दोनच शब्द. लुना पिशवीतून डोकं काढते, "ओला!" म्हणते, म्हणजे नमस्कार. प्रत्येक मुलाच्या हाताला नाक लावून "ओला!" जाताना "आदिओस!" झालं, लुना पिशवीत. चार मिनिटं पुरे. दुसऱ्या आठवड्यात ती नाव सांगते, "मे यामो लुना", आणि विचारते, "कोमो ते यामास?" तुझं नाव काय? मुलं आधी नुसतं नाव सांगतात. सांगू द्या. "मे यामो" लावायला लावू नका, तुम्ही प्रत्येक वेळी लावत राहा.

वेळेचं गणित असं: दिवसाला १० ते १२ मिनिटं, आठवड्यातून ४ दिवस. शनिवारी एकदम तासभर घेऊन काही उपयोग होत नाही. आणि वेळ ठरलेली हवी. आमच्याकडे डब्याच्या आधीची वेळ आहे, कारण तेव्हा मुलं गोलात बसलेली असतात आणि भूक लागल्यामुळे जागी असतात.

ऑगस्ट: अंग हलू दे

अमेरिकेतल्या जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली. भाषा आधी अंगाने ऐकायची, आज्ञा ऐकून हालचाल करायची, बोलणं मागून आपोआप येतं. आपल्या अंगणवाडीतल्या बाईंना हे नवीन वाटणार नाही, कारण तान्ह्या बाळाला "टाळी वाजव", "जो-जो कर" म्हणत आपण हेच करतो.

सगळ्या गटाला म्हणायचं तर: "लेवान्तेन्से" उठा, "सिएन्तेन्से" बसा. खेळात एकेकाला म्हणायचं तर: "साल्ता" उडी मार, "कोर्रे" पळ, "आल्तो" थांब, "बेन" ये. प्रत्येक शब्दाबरोबर तुम्ही स्वतः ती कृती करा. चार-पाच दिवसांनी कृती न करता नुसतं म्हणा आणि बघा किती जण उठतात.

मग शरीर. काबाडकष्ट न करता इथे भरपूर हाती लागतं, कारण मराठीशी जुळणारे आवाज जागोजागी आहेत. बोका तोंड, ओहो डोळा, मानो हात, "नारीस" नाक, "पिए" पाऊल, "कावेसा" डोकं. "शिवाजी म्हणतो" हा खेळ सगळ्यांना येतो. त्यात "लुना दिसे", म्हणजे लुना म्हणते, एवढा बदल करा. "लुना दिसे, तोका ला नारीस!" नाकाला हात लाव.

मानेला हात लावणाऱ्या मुलाला चूक म्हणू नका. त्याने आवाज नेमका ऐकला आहे आणि ओळखीच्या शब्दाशी जोडला आहे. मी मुद्दाम असे सारख्या आवाजाचे शब्द गोळा केले आणि त्यांचाच खेळ केला. दोन चटया टाकल्या, एक मराठीची, एक लुनाची. मराठीच्या चटईवर उभं राहून "पान" म्हटलं की झाडाचं पान उचलायचं, लुनाच्या चटईवर "पान" म्हटलं की पाव उचलायचा. "राना" मराठीत जंगलाकडे नेतो, लुनाच्या चटईवर बेडूक होऊन उड्या मारायच्या. तोच आवाज, दोन घरं. मोठा गट या खेळासाठी हट्ट करतो. चार वर्षांच्या खालच्यांना मात्र तो देऊ नका, त्यांना दोन्ही अर्थ एका वेळी धरता येत नाहीत.

पावसाळ्यात अंगणात जाता येत नाही तेव्हा आंधळी कोशिंबीर घ्या. स्पेनमध्ये हाच खेळ खेळतात आणि त्याला "गायीना सिएगा", म्हणजे आंधळी कोंबडी म्हणतात. डोळे बांधलेल्याला बाकीचे "आकी! आकी!" म्हणून बोलावतात. आकी म्हणजे इथे.

हात, पाणी, डबा

बालवाडीत ज्या गोष्टी रोज न चुकता होतात त्यांना एकेक वाक्य बांधून टाका. हात धुवायला रांग लागली की "लावेन्से लास मानोस". पाणी "आग्वा". मला पाणी हवं, "किएरो आग्वा". अजून हवं का, "मास?" घे, "तोमा". धन्यवाद, "ग्रासियास". मावशींनाही हे शिकवा, नाहीतर स्पॅनिश ही फक्त बाईंची गोष्ट होऊन बसते. आमच्या मावशी आता वर्गाची चावी मागताना "यावे" म्हणतात, आणि हे त्यांना एका दिवसात जमलं. चावी हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. बटाटा, पाव, बालदी हे शब्दही त्याच वाटेने आले. स्पेनमध्ये बटाट्याला "पातात", नाही, पूर्ण म्हणा, "पाताता" म्हणतात, बादलीला "बाल्दे".

सप्टेंबर-ऑक्टोबर: "मे गुस्ता"

या एका वाक्यावर मी दोन महिने घालवते, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं.

इंग्रजीत "मी आंबा आवडतो" अशा धाटणीची रचना आहे, त्यामुळे इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा या ठिकाणी हमखास अडखळतो. मराठीत आपण काय म्हणतो? मला आंबा आवडतो. आंबा हा कर्ता, आणि "मला". स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल मान्गो". मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो. रचना तीच. एकाचे अनेक झाले की क्रियापदही आपल्यासारखंच बदलतं. मला द्राक्षं आवडतात, "मे गुस्तान लास ऊवास". आवडतं-आवडतात, गुस्ता-गुस्तान. माझं पोट दुखतं हेही जवळजवळ तसंच, फक्त "माझं"च्या जागी "मला". "मे दुएले ला बार्रीगा", शब्दशः मला दुखतं पोट. इंग्रजी पुस्तकांत या रचनेसाठी वेगळा धडा असतो. आपल्या मुलाला ती बोबडं बोलायच्या वयापासून येते.

हे मुलांना समजावून सांगायचं नाही. फक्त करायचं. गोलात टोपली ठेवा, तिच्यात खऱ्या वस्तू: केळं, गाजर, लिंबू, काकडी, कारलं. प्लॅस्टिकची फळं नकोत, चित्रंही नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या पानं, बिया, शिंपल्या यांवर चालवल्या. त्याचं कारण काटकसर एवढंच नव्हतं, वासाचं आणि वजनाचं स्मरण चित्राने होत नाही. लुना लिंबू हुंगते, तोंड वाकडं करते, "नो मे गुस्ता!" केळं बघून उडी मारते, "मे गुस्ता!" मग टोपली फिरते.

सुरुवातीला मुलं फक्त "सी" आणि "नो" म्हणतील. मग मान हलवत "गुस्ता". कधीतरी पूर्ण वाक्य. आमच्याकडे एक मुलगा सप्टेंबरभर एक अक्षर बोलला नाही. टोपली आली की पुढे सरकवून द्यायचा. दसऱ्याच्या आधी एकदा कारलं त्याच्यासमोर आलं, त्याने ते दोन बोटांत धरून लांब केलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नो मे गुस्ता." मी काही बोलले नाही, टोपली पुढे दिली. त्या वेळी टाळ्या वाजवल्या असत्या तर तो पुन्हा गप्प झाला असता. गप्प मूल ऐकत असतं. त्याच्याकडून काढून घेऊ नका, "बोल ना रे" म्हणू नका.

रंग आणि काळा-काळी

रंग स्वतंत्र शिकवू नका, वस्तूला चिकटवून द्या. हळद "आमारीया" म्हणजे पिवळी, काकडी "बेर्दे" म्हणजे हिरवी, गाजर आपल्याकडचं लाल असेल तर "रोहा". स्पॅनिशमध्ये प्रत्येक नामाला लिंग आहे आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं. हेही घरचंच. काळा बोका, काळी मांजर. "गातो नेग्रो, गाता नेग्रा". आपल्याकडे लाल आणि गुलाबी बदलत नाहीत, तसे तिथे "बेर्दे" हिरवा आणि "आसूल" निळा लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. फक्त रंग नामानंतर येतो, आणि नपुंसकलिंगी नामं तिथे नाहीत. आपला चांदोमामा तिथे बाई होतो, "ला लुना". मुलांना हे फार आवडतं. एकीने विचारलं, "मग चांदोमावशी म्हणायचं का?" मी हो म्हटलं.

नोव्हेंबर-डिसेंबर: ओळखीची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीनंतर गोष्ट घ्या. नवीन स्पॅनिश गोष्ट शोधत बसू नका, मुलांना पाठ असलेली घ्या. चिऊताईचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पाऊस येतो, काऊ चिऊच्या दाराशी येतो. सगळी गोष्ट मराठीत सांगा, फक्त दारावरचं बोलणं स्पॅनिशमध्ये करा. काऊ म्हणतो, "आब्रे ला पुएर्ता, पोर फावोर!" दार उघड. चिऊ म्हणते, "एस्पेरा!" थांब. गोष्टीतच ते पाच-सहा वेळा येतं, त्यामुळे वेगळी घोकंपट्टी लागत नाही. तिसऱ्या दिवशी मुलं काऊ होतात. आठवड्याने वर्गाचं दार बंद असलं की बाहेरून "आब्रे ला पुएर्ता!" ऐकू यायला लागतं. ज्याने दार लावलं आहे तो आतून "एस्पेरा" म्हणतो, आणि दोघांनाही आपण कुठली भाषा बोलतोय याचं भान नसतं.

जानेवारी: बारा द्राक्षं

आकडे इतक्या उशिरा का? कारण मोजण्यासारखं काही हातात आल्याशिवाय आकडे म्हणजे नुसती बडबड. आणि जानेवारीत तासगावची द्राक्षं येतात.

स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाचे बारा टोले पडताना प्रत्येक टोल्याला एक असं करत बारा द्राक्षं खातात. नव्या वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा शुभ दाणे. १९०९ साली आलिकान्ते भागात द्राक्षाचं पीक भरमसाट आलं आणि बागायतदारांनी ही प्रथा पसरवली, असं तिथे सांगतात. प्रथा त्याआधीपासून माद्रिदमध्ये होती, पण आमच्या पालकांपैकी ज्यांच्या बागा आहेत त्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगते. पीक जास्त आणि भाव कमी म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही.

डिसेंबरअखेर मुलं सुट्टीच्या नादात असतात, म्हणून मी हे जानेवारीच्या मध्यावर करते. त्याआधी दोन आठवडे पायऱ्या चढताना, चिंचोके वाटीत टाकताना आकडे कानावर घालते: उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएवे, दिएस, ओन्से, दोसे. बाईंनी स्वतःसाठी हे लक्षात ठेवावं: दोस-द्वि, त्रेस-त्रय, सिएते-सप्त, ओचो-अष्ट, नुएवे-नव, दिएस-दश. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्याचा हा पुरावा आपल्या बोटांवर आहे. दोस आणि दोसे यांत मुलं गल्लत करतात. दोसे म्हटलं की त्यांना डब्यातला डोसा आठवतो, तर बारा बोटं दाखवता येत नाहीत म्हणून मी ताटलीत बारा तुकडे मांडूनच तो शब्द म्हणते.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. ते गोल, गुळगुळीत असतं आणि श्वासनलिकेत नेमकं अडकतं. प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करा. आडवं चिरलेलं चालत नाही, त्याची चकती तशीच गोल राहते. मुलं बसून खातील, पळत नाही, हसत-ओरडत नाही. आणि टोल्यांच्या शर्यतीने तर मुळीच नाही. फवारणीचा अंश जावा म्हणून द्राक्षं आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा. मावशी आणि मी सकाळी लवकर येऊन हे काम करतो. वीसेक मुलांची द्राक्षं चिरायला तास जातो, तेवढा वेळ धरून ठेवा.

गोलात प्रत्येकापुढे ताटली, तिच्यात बारा तुकडे. माझ्या हातात पूजेची घंटा. एक टोला, "उनो", सगळे एक तुकडा तोंडात. चावून गिळेपर्यंत थांबायचं. प्रत्येकाचं तोंड रिकामं झालं की पुढचा. "दोस." सातव्या-आठव्या टोल्याला छोट्यांचं लक्ष उडतं, तेव्हा लुना त्यांच्या ताटलीत डोकावते आणि विचारते, "कुआन्तास?" किती राहिली? बोट लावून मोजतात, चुकतात, परत मोजतात. बाराव्या टोल्याला मी काही म्हणत नाही, घंटा वाजवून थांबते. आतापर्यंत दरवर्षी कुणीतरी "दोसे!" म्हटलं आहे. हिरवी आणि काळी दोन्ही द्राक्षं मिळाली तर "ऊवास बेर्देस, ऊवास नेग्रास" हेही त्यात येतं.

चुकांचं काय

"मे गुस्ता ऊवास" म्हटलं तर "सी, मे गुस्तान लास ऊवास!" असं आनंदाने स्वतः म्हणा आणि पुढे जा. परत म्हणायला लावू नका. "मला आग्वा पाहिजे" असं मिसळून बोलणं ही चूक नाही, ते मूल दोन्ही भाषा वापरत आहे. ज्या दिवशी मूल आजारी, उदास किंवा भांडून आलेलं असेल त्या दिवशी त्याच्याशी मराठीतच बोला, लुनासुद्धा गप्प राहील.

लिहिणं-वाचणं शून्य. अक्षरं नकोत, रंगवायचे कागद नकोत. मराठी अक्षरांची ओळख होत असताना दुसरी लिपी मधे आणायची नाही, असं मी ठरवलं आहे.

परीक्षा नाही, पण एक वही ठेवा. प्रत्येक मुलाचं एक पान आणि तारखेसह एकच ओळ: काय समजलं, काय स्वतःहून म्हटलं, कुठे. "१४ ऑगस्ट, साल्ता ऐकून उडी." "३ डिसेंबर, झोक्यावर दुसऱ्याला एस्पेरा म्हणाली." स्वतःहून म्हटलेलं लिहा, विचारून काढलेलं नको. दोन महिने एखाद्या पानावर काहीच लिहिलं गेलं नसेल तर त्या मुलाशेजारी आठवडाभर लुनाला बसवा.

पालकांना काय द्यायचं

घरी पाहुणे आले की "बाईंनी काय शिकवलं ते बोलून दाखव" हे होणारच. पहिल्याच सभेत तसं करू नका म्हणून विनंती करा आणि त्याऐवजी काहीतरी करायला द्या. मी दर शुक्रवारी पालकांच्या ग्रुपवर वीस सेकंदांचा आवाज पाठवते, त्या आठवड्यातलं एकच वाक्य. आजी-आजोबा तो जास्त ऐकतात. आजीला "आवुएला" म्हणतात हे कळल्यावर एका घरात आजीने त्याच नावाला ओ द्यायला सुरुवात केली.

मोठा गट एप्रिलमध्ये बाहेर पडतो आणि पहिलीत स्पॅनिश नसतं. मुलं जाताना मी पालकांना तीन गोष्टी सांगते. आठवड्यातून दोनदा झोपायच्या आधी दहा मिनिटं स्पॅनिश गाणी किंवा गोष्टी कानावर पडू द्या, पडदा न दाखवता. जेवताना कधीतरी "मास?" विचारा. आणि जानेवारीत द्राक्षाची गाडी दारावर आली की पिशवी मुलाच्या हातात देऊन "कुआन्तास?" एवढं म्हणा.